पत्र्यावरची तळी

मान वर करून शोधू नका, मी आता वर नाही. निंबाखाली, भिंतीला लागून पडलेय ती मी. जात्याची खालची तळी. काळ्या पाषाणाची, मधोमध भोक असलेली, उचलायची म्हटलं तर धडधाकट गड्याला कंबर धरायला लावीन एवढी जड. बोलतेय ती मीच.

माझं अर्धं आयुष्य पिठात गेलं आणि उरलेलं अर्धं भीतीत. तुम्हाला वाटेल, उंचावर ठेवलेल्या दगडाला पडायची भीती वाटत असेल. साफ चूक. दगडाला पडण्याचं काय भ्या? पडले तर पडले, फुटले तर एकीच्या दोघी झाल्या. मला भ्या होतं ते खाली कोण झोपलंय याचं. ते भ्या अजून गेलेलं नाही, म्हणून तर बोलायला बसलेय.

टेंभुर्णीच्या बाजारात एका पाथरवटानं मला मांडलं होतं. त्यानंच मला डोंगरातून काढलं, त्यानंच गोल केलं, त्यानंच टाकीनं अंगभर टोचून खरखरीत केलं. घाव बसले तेव्हा मी ओरडले असेन, पण टाकीच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय! काकासाहेब नावाच्या नवऱ्या मुलानं मला विकत घेतलं आणि बैलगाडीत घालून जालन्याच्या अलीकडच्या या गावात आणलं. दारात त्याची नवी बायको उभी होती. गिरिजाबाई. तिनं माझ्यावर तळहात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चांगली हाय. पर हिला हालवायला माणूस लागंल, अन माणूस तर मी एकटीच हाय."

तो तळहात मी विसरले नाही.

वरची तळी फिरते, तिला खुंटा असतो, तिच्यावर हात असतो, गाणी तिच्या नावानं. खालची हलत नाही. पण मी हलले असते तर पीठ पडलं नसतं, हे कुणी म्हणत नाही. मी म्हणते. एक जागा धरून बसणं हेसुद्धा काम आहे. गिरिजाबाईला ते कळायचं. तीही तशीच, एका घरात पाय रोवून बसलेली.

मग गावात चक्की आली. वरच्या तळीला तडा गेला, तिला धुणं आपटायचा दगड म्हणून मोरीत टाकलं. मला भिंतीशी उभी केली. कोंबड्या माझ्या आडोशाला अंडी घालायच्या. मला वाटलं, संपलं आपलं. संपलं नव्हतं.

तेव्हा या घरावर माळवद होतं. लाकडांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारेगार, पण दर साली पाऊस यायच्या आधी पांढऱ्या मातीच्या पाट्या डोक्यावर वाहून वर टाकायच्या, तुडवायच्या, नाहीतर गळती. गिरिजाबाईनं वर्षानुवर्षं ती माती वाहिली. मग एका पावसाळ्यात झड लागली, माती पाणी पिऊन पिऊन जड झाली आणि मधलं लाकूड कडकन बोललं. खाली कुणी सापडलं नाही. पण काकासाहेबांनी पुढच्याच उन्हाळ्यात माळवद उतरवलं आणि जालन्याहून पत्रे आणले. नवे, चकचकीत. बघायला अर्धं गाव आलं.

पत्रे चढवताना मिस्त्रीनं हूक काढले. काकासाहेबांनी त्याचा हात धरला.

"छिद्र पाडायचं न्हाई."

"मालक, मंग पत्रा राहील कशानं?"

"वजन ठिवायचं. छिद्र पाडलं की पत्रा मेला. उद्या आखाड्यावर न्यायचा झाला, इकायचा झाला, तर भोकं पडलेला पत्रा कोण घेतं? अन गळतंय ते येगळंच."

हे नुसतं काकासाहेबांचं नाही बरं. आमच्याकडं पुष्कळ घरांत हीच रीत. पत्रा म्हणजे सोन्यासारखी वस्तू, वेळेला मोडता यावी. तो घरावर असतो, पण घराचा नसतो. आज इथं, उद्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या खोपटावर, परवा दुसऱ्याच्या गोठ्यावर. म्हणून त्याला भोक पाडायचं नाही, त्याच्या उरावर धोंडे ठेवायचे. फुटका पाटा, विटा, टायर, जे जड असेल ते. भिंतीशी उभी असलेली मी काकासाहेबांच्या नजरेत भरले.

"ही तळी वाऱ्याच्या अंगाला ठिवा," ते म्हणाले. "सगळ्यात वजनी हाय."

दोघांनी मला दोरानं वर ओढली. मी वर बसले आणि पहिल्यांदा गाव बघितलं, तिकडं दूर एमआयडीसीची धुराडी बघितली. मोठं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग मी खाली बघितलं. पत्र्यावर पत्रा चढतो तिथं थोडी फट होती. फटीतून बाज दिसत होती. बाजेवर गिरिजाबाईची गोधडी होती.

माझ्या बराबर खाली.

त्या दिवसापासून मी झोपले नाही.

तुम्ही खाली असता, तुम्हाला नुसता पत्रा वाजलेला ऐकू येतो. वर काय चालतं ते मला विचारा. वारं सुटलं की पत्रा माझ्याखाली श्वास घेतो. बोटभर उचलला जातो, आदळतो. दर वेळी मी नखभर सरकते. इतकी हळू की शिडी लावून वर आलेल्या माणसालाही कळणार नाही. आणि वर येतं कोण? वानरं येतात. एका पत्र्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतात, धोंडे ढकलतात, निघून जातात. मी त्या फटीच्या दिशेनं सरकतेय हे फक्त मला ठाऊक होतं. जिनं मला आयुष्यभर फिरवलं... नाही, फिरवलं वरच्या तळीला, माझ्यावर तिनं जोर टाकला... तिच्याच छातीवर मी कधीतरी उतरणार, हे मला दिसत होतं. आणि दगडाला ओरडता येत नाही.

काकासाहेब गेले. गिरिजाबाईनं बाज हलवली नाही. पत्रे मात्र जास्तच जपायला लागली. "त्यांनी एक भोक पाडू दिलं न्हाई," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. "अजून कोरा हाय पत्रा." जणू पत्रा नव्हे, नवऱ्याचा शब्दच वर पसरलाय.

शेजारी मच्छिंद्रचं घर. त्याच्याही पत्र्यावर धोंडे, त्यांत एक फुटका पाटा, मला समोरासमोर. आम्ही एकमेकांना बघत दिवस काढायचो. एका उन्हाळ्यात, दुपार कलली आणि वळवाचं वारं आलं. मच्छिंद्रची बायको सुरेखा आत तूर निवडत बसली होती. पत्र्याची एक कड उचलली, पत्रा तिरका झाला आणि पाटा घसरगुंडीवरून पोर यावं तसा आत गेला.

तो आवाज मी ऐकलाय. आधी धप्प. मग काहीच नाही. मग सुरेखा.

डोकं वाचलं, खांदा गेला. तिचा उजवा हात अजून वर जात नाही. वेणी घालायची तर नणंद यावी लागते. आणि ऐका पुढचं. खांद्याला पट्टे बांधून ती दवाखान्यातून घरी आली, तोवर मच्छिंद्रनं पत्रा सरळ केला होता आणि तोच पाटा त्याच जागी ठेवला होता.

गिरिजाबाई त्याला म्हणाली, "अरे, त्योच काहून ठिवला?"

"काकू, पाट्याचा काय गुन्हा? वाऱ्यानं केलं."

त्या दिवसापासून पाटा माझ्याशी बोलला नाही. मी पुष्कळ हाका मारल्या.

गिरिजाबाईचा मुलगा भारत एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात कामाला आहे. लालभडक लोखंड लाटून सळ्या करायचं काम. दिवसभर लोखंडाशी झुंजणारा माणूस, आणि घरी चार हूक लावायची त्याची हिंमत होत नव्हती, कारण आई. सुरेखाचं झाल्यावर मात्र तो बिथरला. कारखान्यात कुणाच्या तरी घराचं छप्पर वाऱ्यानं गेलं आणि विम्यातून भरपाई मिळाली, हे त्यानं ऐकलं. एका सकाळी तो विम्याच्या माणसाला घेऊन आला.

श्रेयांस त्याचं नाव. परतूरच्या धान्यबाजारातलं घर. मूळचे राजस्थानचे, पण पिढ्यान् पिढ्या इथले. पोरगा स्वच्छ बोलणारा. अंगणात खाट टाकली, चहा आला. त्यानं वर बघितलं आणि थेट माझ्याकडंच बोट केलं.

"आजी, हे धोंडे कशाला?"

"पत्रा उडू नये म्हनून."

"अन धोंडाच आत आला तर?"

"आरं, धोंडा काय पाखरू हाय का? शिकलेला दिसतोस ना तू?"

सगळे हसले. शेजारच्या ओट्यावर बसलेली सुरेखा हसली नाही. मी हसले नाही.

श्रेयांसनं कप खाली ठेवला. "आजी, सरळ सांगतो. वाऱ्यावावदळानं छप्पर गेलं तर आमची कंपनी भरपाई देते. पण छप्पर घराला बसवलेलं पाहिजे. नुसतं ठेवलेलं नको. तुमचा पत्रा ठेवलेला हाय."

भारत म्हणाला, "मंग स्लॅब टाकू?"

"भिंत बघ ना भाऊ. दगड-मातीची. स्लॅबचं वजन घेईल का ती? आधी भिंत पाडायची, मंग पाया बघायचा. लय मोठा खर्चा हाय त्यो."

"सिमेंटचा पत्रा?"

यावर गिरिजाबाईच बोलली. "गारा आल्या की पापडावानी फुटतो. आमच्या जावेच्या घरी बघितलंय मी. मोठमोठ्या गारा थेट पिठाच्या डब्यात."

"बराबर बोलल्या आजी," श्रेयांस म्हणाला. "म्हणून मी म्हणतो, हायेत तेच पत्रे ठेवा. लाकडं काढा, लोखंडी अँगल टाका, अँगल भिंतीत घट्ट गाडा, अन पत्र्याला हूक मारा. रबरी वायसर लावला की थेंब येत न्हाई. मंग धोंडे बिलकुल लागत न्हाईत. मी फोटो काढतो, विमा होतो."

"म्हंजे छिद्रं पाडायची."

"छिद्रं तर पाडावीच लागतील, आजी."

"मंग चहा पी अन जा बाबा तू."

मी वर बसून एकेक शब्द ऐकला. कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की मी लागत नाही. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मला नाचावंसं वाटलं.

भारत चार दिवस आईशी बोलला नाही. शेवटी मच्छिंद्रनं तोडगा काढला. तोडगे काढण्यात तो हुशार. कुंपणावर हात ठेवून म्हणाला, "आरं, फोटोच पायजे ना त्याला? फोटोपुरते धोंडे उतरव. खालून काढलेल्या फोटोत हूक दिसतो का छिद्र दिसतं? मंग परत चढव."

भारतनं आईकडं बघितलं. मला वाटलं, गिरिजाबाई त्याला झोडपून काढेल. ती खोटं सहन करणारी बाई नाही. पण तिच्या डोळ्यांपुढं तो कोरा पत्रा होता. पत्राही कोरा राहील आणि विमाही होईल. ती म्हणाली, "पर जल्दी चढवा परत."

असं मला खाली उतरवलं.

जमिनीला टेकले तेव्हा काय वाटलं ते कसं सांगू? कितीतरी वर्षांनी माझ्याखाली हलणारं काही नव्हतं. माती होती. गिरिजाबाई माझ्या उंचीवर होती. कोंबडी आली, माझ्यावर चढली, शिटली. मला राग आला नाही.

श्रेयांस आला, मोबाईलवर घराचे फोटो काढले. मग विचारलं, "हूक लावले ना भाऊ? मी वर चढून बघत न्हाई, तुमच्या शब्दावर चाललोय."

"लावले," भारत म्हणाला.

गिरिजाबाई चुलीपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

तो गेला. भारतला कामावर जायचं होतं. "रविवारी चढवतो, आई." रविवारी लग्न निघालं. पुढच्या रविवारी मच्छिंद्र नव्हता, आणि एकट्यानं मला कोण चढवणार? दरम्यान विम्याचा कागद मोबाईलवर आला. मग तर घाईच संपली. माणसाचं असंच असतं. कागद आला की त्याला वाटतं छप्पर आलं.

आणि मी? मी खालून वर बघत होते. मोकळा पत्रा. उन्हात चमकणारा, उरावर काहीच नसलेला. माझं भ्या जागच्या जागी उलटं झालं. आधी वाटायचं, मी हिच्यावर पडेन. आता वाटायला लागलं, मी वर नाही, तर हिचं कसं होईल? वर होते तेव्हा मारणारी, खाली आहे तेव्हा उघडं पाडणारी. दोन्हीकडून भ्याच. यातून सुटायची वाट एकच होती, छिद्राची. आणि ती मला सांगता येत नव्हती.

दिवसभर हवा अडकल्यासारखी झाली होती. निंबाचं पान हलत नव्हतं. दुपारी पश्चिमेला आभाळ तांबूस झालं, मग काळं. गल्लीतली कुत्री गप्प झाली. गिरिजाबाईनं अंगणातली मिरची गोळा केली, आत नेली आणि बाजेवर बसली. भारत कामावर. मी मनात म्हणत होते, बाई, बाहेर ये. बाहेर ये.

आधी धूळ आली. मग वारं. पहिला पत्रा नुसता उभा राहिला. मी शपथेवर सांगते, माणूस उठून उभं राहतं तसा उभा राहिला, इकडं-तिकडं बघितल्यासारखं केलं आणि गेला. दुसरा त्याच्यामागं. मग सगळेच. पत्त्यासारखे नाही, पत्ते हलके असतात. ते पत्रे गरगर फिरत, हवा कापत जात होते, आणि एकानं निंबाची जाडजूड फांदी काकडीसारखी छाटली. ती माझ्या शेजारी पडली.

आत गिरिजाबाई ओरडत होती. लाकडं कोसळण्याचा आवाज आला. मग दारातून ती बाहेर आली, चालत नव्हे, रांगत. वाऱ्यानं तिला अंगणातून लोटत नेलं असतं. केवढी ती बाई, मूठभर. तिला काय सुचलं, देव जाणे. ती माझ्याकडं आली. भिंतीच्या आडोशाला मी होते, तिथं ती पोटावर पडली आणि माझ्या मधल्या भोकात बोटं घातली. जिथं पूर्वी खीळ असायची, तिथं. आणि घट्ट धरली.

वरून पत्रे जात होते. गारा सुरू झाल्या. तिच्या पाठीवर गारा आपटत होत्या आणि ती माझ्या कानाशी, दगडाला कान असले तर, म्हणत होती, "धर गं माय, धर. सोडू नको."

मी धरलं. मला दुसरं येतं तरी काय? एक जागा धरून बसणं.

वारं थांबलं तेव्हा घराला भिंती होत्या, वर आभाळ होतं. बाजेवर मधलं लाकूड आडवं पडलेलं. मी वर असते आणि पत्रा तिरका झाला असता तर काय झालं असतं, ते सुरेखाच्या खांद्याला विचारा. मी नव्हते म्हणून घर उघडं पडलं, आणि मी नव्हते म्हणून बाई वाचली. आता सांगा मला, कशावर आनंद मानायचा आणि कशावर रडायचं?

दुसऱ्या दिवशी भारतनं पत्रे गोळा केले. काही गावातल्या नागसेनच्या रानात सापडले, एक विहिरीत. सगळे चुरगळलेले. नुकसान बघायला विम्याचे साहेब आले, सोबत श्रेयांस. साहेबांनी भिंती बघितल्या, मान हलवली. मग पत्र्यांपाशी बसले. एकेका पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवत गेले, सावकाश, जशी गिरिजाबाई पूर्वी मला टाकी लावायची वेळ झाली का ते बघायला बोट फिरवायची. सगळे पत्रे झाले. उठून उभे राहिले.

"यांना एकही छिद्र नाही," ते म्हणाले. "मग हे घराला बसवले कशानं होते?"

 ज्या कोरेपणाची एवढी मिजास होती, तोच कोरा पत्रा उन्हात पडून साक्ष देत होता. भारत जमिनीकडं बघत होता. श्रेयांस भारतकडं.

"भाऊ, मी इचारलं होतं तुम्हाला," तो हळूच म्हणाला. "याच अंगणात."

तेव्हा गिरिजाबाई पुढं आली. पाठीला हळद लावलेली, पण मान ताठ. "त्याला नको इचारू. मला इचार, साहेब. धोंड्यानं दाबले होते. फोटोच्या दिवशी आम्ही धोंडे उतरवले. छिद्र मी पाडू दिलं न्हाई. खोटं त्यो बोलला, पर मी ऐकून गप बसले, म्हंजे मीबी बोलले."

भरपाई मिळाली नाही. मिळायचीही नव्हती. श्रेयांस चहा न घेता निघाला. फाटकापाशी मागं वळला आणि म्हणाला, "आजी, तुम्हाला काही झालं असतं तर?" एवढंच. आणि गेला.

नवं छप्पर घालायला दिवस लागले. तोवर ताडपत्रीखाली संसार. कोणता पत्रा घ्यायचा यावर पुन्हा सगळे बसले. दुकानात भारतला निळा रंग आवडला होता. गिरिजाबाई म्हणाली, "रंगाला काय चाटायचंय? जाडी बघ. अन हूक कसे बसतात ते बघ." जाड पत्रा आला. भिंतीत लोखंड गाडलं, सिमेंट भरलं, ते घट्ट होऊ दिलं. मिस्त्रीनं यंत्र लावलं तेव्हा गिरिजाबाई खाली उभी होती. पहिल्या छिद्राचा आवाज आला आणि तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. काकासाहेबांना काहीतरी सांगत होती. माफी मागत होती की भांडत होती, ते तिचं तिला ठाऊक.

मग डोळे उघडून मिस्त्रीवर ओरडली, "थांबलास कामून? पुढचं पाड!"

श्रेयांस परत आला. या वेळी शिडी लावून स्वतः वर चढला, प्रत्येक हूक हलवून बघितला. खाली उतरून म्हणाला, "आता चहा द्या, आजी."

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. मी निंबाखाली, घर हुकांखाली, बाई बाजेवर. पण भ्या असं संपत नसतं. ते शेजारी जाऊन बसतं.

परवा सुरेखा आली. फाटकात उभी राहिली, डाव्या हातानं पदर सावरत. तिच्या घराचे पत्रे वादळात वाचले होते. पाटा मात्र घसरून पन्हळीत पडला आणि त्याचे तुकडे झाले. बिचारा. आता त्यांच्या पत्र्याची ती कड मोकळी आहे.

"काकू," ती म्हणाली, "वारं सुटलं की पत्रा लय वाजून राह्यलाय. डोळ्याला डोळा लागत न्हाई. तुमची ही तळी रिकामीच हाय ना आता? हे म्हनले, मागून आण. कडेला ठिवू."

माझ्या अंगातून टाकीचे सगळे जुने घाव एकदम दुखले.

गिरिजाबाई तिच्या खांद्याकडं बघत राहिली. "कडेला म्हंजे कुठं गं? तुझ्या बाजेवर?"

सुरेखानं पदर दुखऱ्या खांद्यावर ओढून घेतला.

"आगं बाई, असल्याच धोंड्यानं तुझा हात गेला ना!"

"ह्यो येगळा हाय, काकू. त्यो पाटा होता."

"धोंडे न्हाई देत. भारतला पाठवते, हूक मारून देईल. रबरी वायसरसकट."

"हे न्हाई म्हनतात. पत्रा चांगला हाय, भोकं पाडून खराब कामून करायचा?"

गिरिजाबाई उठली. मला वाटलं, तिला हाताला धरून मच्छिंद्रकडं जाईल. पण ती चालत माझ्याकडं आली, पदर खोचला आणि माझ्यावर बसली. सगळं वजन टाकून, पाय पसरून.

"ही रिकामी न्हाई. ही माझी बसायची हाय. सांग तुझ्या नवऱ्याला."

तेव्हापासून ती रोज दिवस कलला की माझ्यावर येऊन बसते. लसूण सोलते, शेंगा फोडते, येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडते. मच्छिंद्र कुंपणापलीकडून बघतो, हसतो, "काकू, तळी चोरत न्हाई मी तुमची," म्हणतो. ती म्हणते, "तू मागूनच नेशील, चोर परवडला." त्याच्या बायकोला ती रोज विचारते, हूक मारले का? सुरेखा रोज मान हलवते. नाही.

अर्धं आयुष्य मी पत्रा दाबून धरला. आता गिरिजाबाई मला दाबून धरतेय.

पण दगडाला वजन कळतं हो. तुमच्यापेक्षा जास्त कळतं. ही बाई दिवसेंदिवस हलकी होत चाललीय. पूर्वी जात्यावर जो जोर टाकायची तो कुठं, आणि आता माझ्यावर टेकते ते कुठं. वाळल्या फांदीएवढी राहिलीय. ती एक दिवस माझ्यावरून उठेल आणि परत बसायला येणार नाही. मग मी रिकामी असेन. भारत भिडस्त माणूस आहे. शेजाऱ्यानं मागितलं तर नाही म्हणणार नाही.

मला त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते. हे वाचून तुमच्या पत्र्यावर चढा, बघा काय काय ठेवलंय. हूक मारा. पाडा छिद्रं. भोक पडलेला पत्रा विकला जाणार नाही, नको विकला जाऊ दे. घर विकायला नसतं. आणि या गावाकडं कधी आलात, निंबाखालची ही तळी कुणी दोरानं बांधताना दिसलं, तर माझ्यासाठी एवढं करा. त्याच्या हाताला धरा आणि विचारा, बाबा, हिच्याखाली कोण झोपतं?

आज पुन्हा पान हलत नाही. पश्चिमेला आभाळ तांबूस दिसतंय. गिरिजाबाई माझ्यावर बसलीय आणि आम्ही दोघी शेजारच्या पत्र्याच्या त्या मोकळ्या कडेकडं बघतोय. खाली सुरेखानं आत्ताच बाज टाकलीय.